कादंबरी आणि वाचकाचा कौल

कादंबरी वाचून हातावेगळी झाली, कीं घरांतील कोणी ना कोणी हटकून विचारतें, "कशी आहे?" आणि उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळतें, "छान आहे" किंवा "ठीक आहे". तीनशें पानांच्या सहवासाचा हा एवढाच हिशेब! लेखकानें दोन दोन वर्षें खर्चून जें उभें केलें, त्याचा निकाल सुपारी कातरतां कातरतां लागून जातो. वाचकाच्या मनांत कांहीं उमटलेलेंच नसतें, असें मात्र नाहीं. उमटलेलें असतें, आणि पुष्कळदां तें फार तीव्र असतें. परंतु तें पुस्तकाच्या गुणानें उमटलें कीं आपल्याच मनाच्या कलानें, हें पाहण्याची तसदी तो घेत नाहीं. ती घेतली तर कादंबरीचा आनंद दुणावतो, आणि कधीं कधीं स्वतःविषयींही एखादी अवघड गोष्ट कळून येते.

कोल्हापूरच्या वाचकाला हा विषय नवा वाटूं नये. आज करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें ओळखली जाणारी संस्था १८५० सालीं निघाली. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. म्हणजे या शहरांत ग्रंथालय आधीं आलें आणि मराठी कादंबरी मागाहून जन्मली! पुढें याच शहरांत मराठी कादंबरीचे दोन अत्यंत लोकप्रिय कर्ते एकाच काळीं वास्तव्य करून होते. ना. सी. फडके राजाराम कॉलेजांत प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ सालीं येथें आले. साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद १९४० सालीं रत्नागिरीस फडक्यांकडे गेलें आणि पुढच्याच वर्षीं सोलापुरास खांडेकरांकडे आलें. या दोघांच्या नांवानें 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद महाराष्ट्रभर गाजला. कलाकृतीनें आनंद द्यावा, तिच्या मानेवर उपदेशाचें जूं ठेवूं नये, हा फडक्यांचा पक्ष. माणसाच्या सुखदुःखाशीं आणि समाजाच्या हिताशीं जिचें नातें नाहीं ती कला अपुरी, हा खांडेकरांचा पक्ष.

वाद पंडितांचा होता; पण ग्रंथालयाच्या कपाटांत दोघांचींही पुस्तकें असत. एकच वाचक या आठवड्यांत फडक्यांची 'दौलत' आणि पुढच्या आठवड्यांत खांडेकरांची 'उल्का' घरीं नेऊं शकत होता. एकीनें त्याची रात्रीची झोप उडविली आणि दुसरीनें दिवसाची स्वस्थता घालविली, तर त्यानें कौल कोणाच्या बाजूनें द्यावा? याचें सरळ उत्तर असें, कीं त्यानें दोन्ही अनुभव खरे मानावे आणि त्यांतील भेद ओळखावा. प्रत्येक कादंबरी आपल्या पहिल्या कांहीं पानांतच वाचकाला एक वचन देत असते. तें वचन कोणतें, हें ध्यानांत न घेतां दिलेला कौल अन्यायाचा ठरतो.

रहस्यकथेचेंच उदाहरण घ्यावें. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत ठाऊक होते. तरीही पाहुणा दारांत दिसला कीं असलें पुस्तक उशीखालीं सरकविणारीं घरें थोडीं नव्हतीं. ही लाज अस्थानीं होय. वाचकाला ताटकळत ठेवीन आणि शेवटीं गांठ नीट सोडवून दाखवीन, एवढेंच रहस्यकथेचें वचन. तें पाळलें गेलें तर "आवडली" म्हणण्यांत कमीपणा नाहीं. मात्र "आवडली" आणि "थोर आहे" हीं दोन निराळीं विधानें आहेत. पहिलें वाचकाच्या सुखाविषयीं आहे, दुसरें पुस्तकाच्या योग्यतेविषयीं. यांची गल्लत झाली कीं माणूस आवडलेलें पुस्तक लपवितो आणि न आवडलेल्या पुस्तकाची चारचौघांत स्तुति करतो.

ऐतिहासिक कादंबरीपाशीं प्रश्न अधिक नाजूक होतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील कोवाडचे रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ सालीं आली. पानिपतच्या रणांत १७६१ सालीं मराठ्यांचा मोड झाला आणि सोळा वर्षांच्या माधवरावांवर पेशवाईचा भार पडला. १७७२ सालीं, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, थेऊरला त्यांचा अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या. या शेवटाशीं आल्यावर वाचकाचे डोळे भरून येतात. हें लेखकाचें यश निःसंशय आहे. परंतु पुस्तक मिटून दिवा मालवल्यावर, पलीकडच्या खोलींत निजलेली आपली लेक आठवली, म्हणजे तोच वाचक दचकतो. ज्या चालीला बंगाल इलाख्यांत १८२९ सालीं कायद्यानें बंदी करावी लागली, तिच्या वर्णनानें आपले डोळे कां भरले? तें रमेचें दुःख होतें, कीं मरणाला चढविलेल्या साजाची ती भूल होती? आंसवें खोटीं नव्हतीं. पण आंसवें आलीं म्हणून मान डोलावलीच पाहिजे, असें नाहीं. कादंबरीनें आपल्याला कोठवर नेलें आणि तेथें आपण जायला हवें होतें काय, हे दोन प्रश्न वाचकानें वेगळे ठेवावे.

पौराणिक कथेवरील 'ययाति' हें तिसरें उदाहरण. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची. तिच्यासाठीं त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिलाच. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हीं तिघें आपापल्या तोंडून आपली कथा सांगतात. त्यामुळें एकाच घरांत या पुस्तकाचे तीन निकाल लागूं शकतात. सासूबाईंना देवयानी गर्विष्ठ वाटावी, सुनेला तीच फसविली गेलेली स्त्री वाटावी, आणि ययातीच्या अतृप्तीचीं पानें कर्त्या पुरुषानें जरा घाईनेंच उलटावीं! कोणाचा निकाल चूक म्हणावा? ज्याला ज्याचें गाऱ्हाणें आधीं पटलें, त्यानें आपलेंच कांहीं तेथें ठेवलेलें असतें. घरांतल्या घरांत अशा कादंबरीवर वाद झाला, तर एरवीं न बोललेलें पुष्कळ बोललें जातें. तें तिऱ्हाइतांच्या नांवानें बोललें जातें, म्हणून ऐकूनही घेतलें जातें.

शेवटचें उदाहरण शहरापासून जवळच्याच कागलचे आनंद यादव यांच्या 'गोतावळा'चें. ही कादंबरी १९७१ सालीं निघाली. नारबा नांवाचा शेतगडी ती आपल्या बोलींत सांगतो. शहरी वाचक पहिल्या कांहीं पानांत अडखळतो. शब्द परके, वाक्यांची ठेवण परकी. कित्येकजण येथेंच पुस्तक खालीं ठेवून "जमलें नाहीं" म्हणतात. वस्तुतः येथें जमावयाचें असतें तें वाचकाला. जो नेट धरतो त्याला हळूहळू बैल, म्हशी, कुत्रीं, झाडें यांनीं गजबजलेला एक संसार दिसूं लागतो. नारबाचें गणगोत तेंच. मग मालक ट्रॅक्टर आणतो, आणि हा गोतावळा एकेक करून उठूं लागतो. ट्रॅक्टर म्हणजे प्रगति, असें मानणारा सुशिक्षित वाचक येथें गप्प होतो. त्याचें मत बदलेलच असें नाहीं. पण ज्या गुळाच्या ढेपेचा भाव तो बाजारांत करीत आला, तिच्यामागें एक माणूस उभा होता, हें त्याला यापुढें विसरतां येत नाहीं.

या चारी अनुभवांतून वाचकाच्या हातीं तीन प्रश्न लागतात. पुस्तकानें दिलेलें वचन पाळलें काय? आपल्या मनाची कोणती तार त्यानें छेडली? आणि पुस्तक मिटल्यावर कोणत्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलली? पहिला प्रश्न फडक्यांना मानवला असता, तिसरा खांडेकरांना. मधला ज्याचा त्यानें स्वतःला विचारावयाचा आहे, आणि सर्वांत अवघड तोच. रहस्यकथेपुढें तिसरा प्रश्न बहुधा गळून पडेल. त्यांत तिचा अपराध नाहीं. 'गोतावळा'पुढें मात्र तोच सर्वांत मोठा होईल.

तेव्हां यापुढें घरांत कोणी "कशी आहे?" म्हणून विचारलें, तर उत्तर थोडें लांबलें तरी चालेल. "अमक्या पानापर्यंत सुटली नाहीं, अमक्या ठिकाणीं मन अडलें, आणि त्यांतला एक माणूस अजून डोळ्यांपुढून हलत नाहीं." एवढें सांगणाऱ्या वाचकाकडून तें पुस्तक पुढच्याच्या हातीं जातें, तेव्हां त्याच्याबरोबर वाचणाराही थोडासा उलगडलेला असतो.