मेंदूतली बुरशी आणि आपलं सैन्य

वाघोलीत सोसायट्या वाढल्या, तशा बाल्कनीच्या जाळ्याही वाढल्या. त्यामुळे कबुतरांच्या विष्ठेने मेंदूत बुरशी होते का, हा प्रश्न हमखास येतो. तिथूनच सुरुवात करू.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी सापडते, हे १९५५ पासून माहीत आहे. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. पण बहुतेकांना काहीच होत नाही. का? फुप्फुसातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. मात्र नुसतं गिळून भागत नाही. सीडी-४ पेशी इंटरफेरॉन गॅमा हा रासायनिक निरोप धाडतात, तेव्हा कुठे भक्षक पेशींना मारण्याची ताकद येते.

आता एचआयव्हीमध्ये नेमक्या ह्या सीडी-४ पेशीच कमी होतात. मग बुरशी भक्षक पेशीच्या पोटात जिवंत राहते, वाढते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक तटबंदी असते. पण बुरशी कधी कधी ह्याच पेशीत लपून आत शिरते. म्हणजे बघा, आपल्याच पहारेकऱ्याच्या गाडीतून चोर आत!

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या स्थानिक रक्षक पेशी असतात. पण बुरशीभोवती साखरेच्या रेणूंचं जाड, बुळबुळीत आवरण असतं, त्यामुळे ती सहज ओळखू येत नाही, पकडता येत नाही. शिवाय मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचरा अडतो, कवटीतला दाब वाढतो. डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, हे त्यातूनच येतं.

मग प्रतिकारशक्ती वाढवली की झालं? नाही, इथेच खरी गोम आहे. एचआयव्हीची औषधं लगेच सुरू केली, तर परतलेलं सैन्य मेंदूतल्या बुरशीवर एकदम तुटून पडतं. त्या सुजेनेच रुग्ण दगावू शकतो. म्हणून आधी बुरशीची औषधं, आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांनी एचआयव्हीची, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मग सूज उतरवायला सरसकट स्टेरॉइड द्यावं का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याने उलट अपायच जास्त झाला.

स्टेरॉइडचा धडा महाराष्ट्राने २०२१ मध्येही घेतला. कोविडनंतरचा म्युकरमायकोसिस आठवतोय ना? ती बुरशी वेगळी, वाटही वेगळी: नाकाच्या पोकळीतून डोळ्याकडे, तिथून मेंदूकडे. तिला अडवतात मुख्यतः न्यूट्रोफिल पेशी. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, दोन्हींनी त्याच लुळ्या पडतात.

तेव्हा मंडळी, कबुतरांना घाबरून घर सोडायला नको. विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून, मास्क लावून काढा. पण घरात कुणाला एचआयव्ही असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, स्टेरॉइड चालू असेल आणि डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल, तर गोळी घेऊन वाट बघू नका. क्रिप्टोकॉकसच्या आवरणाचे अंश साध्या रक्ततपासणीतही सापडतात. वेळेत कळलं, तर उपचार आहेत.