सायकल शर्यत घाटात का बघायची

सपाट रस्त्यावर सायकल शर्यत बघायला गेलेल्याची थोडी फसगतच होते. तीन-चार तास रस्त्याकडेला ताटकळायचं आणि दीडशेहून अधिक सायकलपटूंचा जथा ताशी 45-50 किलोमीटरच्या वेगाने समोरून गेला, की अर्ध्या मिनिटात खेळ खलास. रंगांचा एक पट्टा दिसतो, साखळ्यांची सळसळ ऐकू येते, आणि पुढे कोण होतं हे शेजारच्याला विचारावं लागतं. असं असूनही ‘टूर द फ्रान्स’च्या डोंगरातल्या टप्प्यांना लोक प्रचंड संख्येने जातात, दोन-दोन दिवस आधी जाऊन रस्त्याकडेला मुक्काम ठोकतात. यात वेडेपणा आहेच, पण हिशेबही आहे, आणि तो सगळा वेगाचा आहे.

या शर्यतीतला सगळ्यांत गाजलेला घाट घेऊ: आल्प द्युएझ. खाली ल बूर-द्वाझाँ हे गाव, वर स्कीइंगसाठी वाढलेलं आल्प द्युएझ. मधलं अंतर 13.8 किलोमीटर आणि हेअरपिन वळणं 21. सरासरी चढ 8 टक्क्यांहून किंचित जास्त, म्हणजे 100 मीटर पुढे गेलं की 8 मीटर वर. रस्ता साधारण 1,850 मीटर उंचीवर संपतो. सुरुवातीचा भाग सगळ्यांत खडा आहे. चढ तिथे 10 टक्क्यांच्या आसपास जातो आणि आज कोणाच्या पायात जोर नाही हे पहिल्या दोन किलोमीटरांतच उघड होतं.

वळणांचे आकडे उलटे लावलेले आहेत. पायथ्याशी 21 आणि वर पोहोचता-पोहोचता 1. चढणाऱ्याला आता किती उरलं ते मोजता यावं, ही सोय. प्रत्येक वळणावर पाटी आहे आणि पाटीवर इथे जिंकलेल्याचं नाव. 21 क्रमांकावर फाउस्तो कॉप्पी, कारण 1952 मध्ये शर्यत पहिल्यांदा इथे आली तेव्हा तो जिंकला. टूरचा टप्पा डोंगरमाथ्यावर संपण्याची ती पहिलीच वेळ होती. मग हा घाट थेट 1976 पर्यंत वाट बघत राहिला. पुढे विजेते 21 पेक्षा जास्त झाले, तेव्हा पुन्हा खालपासून एकेका पाटीवर दुसरं नाव चढवायला सुरुवात झाली.

आता तो वेगाचा हिशेब. सपाटीवर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणूनच सगळे जण एकमेकांच्या मागे चिकटून चालवतात. पुढच्याच्या आडोशाने एक-तृतीयांशापर्यंत ताकद वाचते. कमकुवत माणूस बलवानाच्या मागे लपून शंभर-दीडशे किलोमीटर सुखाने जाऊ शकतो, आणि जथा एकसंध राहतो तो त्यामुळेच. चढावर वेग ताशी वीस-एकवीस किलोमीटरवर येतो. या वेगाला हवा फारशी आडवी येत नाही. खरा झगडा स्वतःच्या वजनाशी. सायकलचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी असू नये असा जागतिक संघटनेचा नियम आहे, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत सगळे जवळपास सारखेच. उरतो तो शरीराच्या दर किलोमागे पाय किती ताकद देतात हा प्रश्न. साठ किलोचा काटक गडी इथे पुढे सरकतो आणि सपाटीवर झंझावाती धाव घेणारा पंचाहत्तर-ऐंशी किलोचा पैलवान मागे पडतो. लपायला जागा नाही. संघातले मदतनीस आपल्या म्होरक्यासाठी पुढे राहून जोर लावतात, एकेक करून दमतात, बाजूला होतात, आणि शेवटच्या काही किलोमीटरांत म्होरके एकटे समोरासमोर येतात.

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाचा फायदा यातच आहे. सायकलपटू हळू जातो म्हणून त्याचा चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो, कोण जागेवर बसून शांतपणे पेडल मारतोय आणि कोणाचे खांदे हलायला लागलेत ते कळतं. जथा फुटलेला असतो म्हणून पहिला गेल्यापासून शेवटचा येईपर्यंत अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ काही ना काही चालू राहतं. आणि तिकीट नसतं. इतक्या मोठ्या स्पर्धेत खेळाडूच्या हातभर अंतरावर फुकट उभं राहता येतं, असे खेळ जगात फार नाहीत.

त्यासाठी आधीचा दिवस मात्र खर्ची घालावा लागतो. घाटाचा रस्ता शर्यतीच्या दिवशी सकाळी, कधी आदल्या दिवसापासूनच, मोटारींना बंद होतो. जाणते लोक कॅम्पर व्हॅन घेऊन काही दिवस आधी येतात आणि वळणाजवळची सपाट जागा धरतात. उशिरा आलेल्यांनी गाडी खाली ठेवून चालत नाहीतर सायकलने वर जायचं. हौशी सायकलस्वारांची सकाळभर रीघ लागते. फ्रेंच पोलीस शिट्टी मारून खाली उतरवेपर्यंत जेवढं जमेल तेवढं ते चढून घेतात. मोकळ्या वेळात लोक डांबरावर रंगाने आवडत्या सायकलपटूंची नावं लिहितात. सगळेच नावं लिहीत नाहीत, काही जण अश्लील चित्रंही काढतात. मग टीव्हीवर ती दिसू नयेत म्हणून आयोजकांची माणसं शर्यतीपुढे फिरून, चार फटकारे मारून त्यांची घुबडं नाहीतर फुलपाखरं करून टाकतात. या नोकरीचं मला फार कौतुक वाटतं.

शर्यतीच्या सुमारे दोन तास आधी येतो तो जाहिरातींचा ताफा. त्याची सुरुवात 1930 ची. ‘लोतो’ हे वर्तमानपत्र ही शर्यत चालवत असे आणि त्याचा संपादक आँरी देग्रांज सायकल कंपन्यांच्या संघांवर वैतागला होता. त्याने कंपन्या बाजूला काढून राष्ट्रीय संघ आणले. पण त्यांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार? तेव्हा व्यापाऱ्यांना पैसे भरून शर्यतीपुढे गाड्या चालवायची मुभा मिळाली. आज त्या गाड्यांवरून टोप्या, गोळ्या-चॉकलेटं, सॉसेजची पाकिटं, किल्ल्यांच्या साखळ्या उधळल्या जातात, आणि एरवी भारदस्त दिसणारे गृहस्थ एका टोपीसाठी शेजारच्या पोराशी झोंबतात. सगळ्यांत जास्त मागणी पांढऱ्यावर लाल ठिपके असलेल्या टोपीला. घाटांच्या माथ्यावर आधी पोहोचणाऱ्यांना गुण मिळतात, घाट जितका अवघड तितके अधिक, आणि सर्वाधिक गुणवाला तशी ठिपक्यांची जर्सी घालतो. हा मान 1933 पासून आहे, ठिपके 1975 मध्ये आले. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तीच ही कल्पना.

ताफा गेल्यावर दीड-दोन तासांची पोकळी. कोणी रेडिओला कान लावतो, कोणी व्हॅनमधल्या छोट्या टीव्हीभोवती जमतो. डोंगरात एवढी गर्दी झाल्यावर मोबाइलच्या नेटवर्कवर फार विसंबू नये. शर्यत जवळ आल्याची खरी वर्दी हेलिकॉप्टर देतात. ती दरीत खाली घिरट्या घालू लागली की पुढचे सायकलपटू पायथ्याशी आले असं समजायचं. मग पोलिसांच्या मोटारसायकली, आयोजकांची लाल गाडी, आणि तिच्यामागे पहिला माणूस. या क्षणी घड्याळात बघून ठेवावं. दुसरा किती वेळाने आला हे स्वतः मोजलं की शर्यत कळू लागते. अंतर मीटरमध्ये नाही, सेकंदांत मोजतात. पुढे असलेल्यांच्या मागे त्यांच्या संघांच्या गाड्या, छपरावर सुट्या सायकली. मग दोघे-तिघे, मग एकटादुकटा, आपलं काम संपवून आरामात निघालेले मदतनीस.

शेवटी येतो तो घोळका मला सगळ्यांत प्रेक्षणीय वाटतो. सपाटीवरचे पैलवान इथे एकत्र जमून चढतात. इटालियनमध्ये या घोळक्याला ‘ग्रुपेत्तो’ म्हणतात. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून मुदत काढलेली असते, तिच्या आत पोहोचलं नाही तर दुसऱ्या दिवशी घरी. ही माणसं जिंकण्यासाठी लढत नाहीत, उद्या सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता यावं म्हणून लढतात, आणि त्यासाठी विरोधी संघांतले लोकही एकमेकांना सांभाळून नेतात. त्यांच्यामागे असते ती माघार घेतलेल्यांना उचलणारी गाडी. ‘झाडू-गाडी’ हे तिचं नाव फ्रेंचांनीच ठेवलंय. ती गेली की टप्पा संपला.

कोणत्या वळणावर उभं राहायचं, याचीही परंपरा आहे. आल्प द्युएझचं सातवं वळण डचांचं. 1976 ते 1989 या काळात हॉलंडच्या सायकलपटूंनी इथे आठ विजय मिळवले, सुरुवात योप झूटमेल्कने केली. ज्या देशात टेकडी म्हणावी असं फारसं काही नाही, त्याने हा डोंगर काबीज करावा ही गंमतच. वरच्या चर्चमध्ये तेव्हा डच धर्मगुरू होते आणि आपला माणूस जिंकला की ते घंटा वाजवत. विजय थांबले, गर्दी थांबली नाही. त्या वळणावर नारिंगी कपड्यांची भिंत उभी असते, बिअर आणि कर्णकर्कश संगीत पहाटेपासून. नव्या माणसाने शर्यत बघायची असेल तर तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बघायची ती गर्दी.

शेवटचे काही किलोमीटर सोडले तर रस्त्याला कठडे नसतात. लोक मध्ये उभे राहतात आणि सायकलपटू आला की ऐनवेळी दुभंगतात. हे बहुतेकदा जमतं, कारण पुन्हा तेच, वेग कमी असतो. पण नेहमी जमत नाही. 1999 मध्ये जुझेप्पे ग्वेरिनी इथेच एकटा पुढे असताना फोटो काढायला मध्ये आलेल्या प्रेक्षकावर आदळून पडला. उठला आणि तरी जिंकला. 2018 मध्ये विंचेंझो निबाली याच घाटात गर्दीतून जाताना पडला, मणक्याचं हाड मोडलं आणि त्याची शर्यत संपली. त्याआधी 2016 मध्ये मों व्हेंतू या डोंगरावर गर्दीने रस्ताच अडला, पुढची मोटारसायकल थांबली, तिच्यावर तिघे आदळले, आणि अंगात एकूण शर्यतीत आघाडीवर असल्याची पिवळी जर्सी घातलेला क्रिस फ्रूम सायकलविना चक्क पळत सुटला. सगळा डोंगर कठड्यांनी बांधून काढला तर हे थांबेल, पण मग लोक इतक्या लांब येतील कशाला? आयोजक वर्षानुवर्षं याच पेचात आहेत. दोष गर्दीचा नाही, दोष गर्दीतल्या फोनवाल्याचा. पडद्यावर बघणाऱ्याला येणारी सायकल आहे त्यापेक्षा दूर वाटते.

महिलांच्या टूरनेही 2024 मध्ये शेवटचा टप्पा याच घाटात संपवला. हॉलंडची डेमी फोलरिंग टप्पा जिंकली, पण तिच्यामागून पोहोचलेल्या पोलंडच्या कासिया निएव्याडोमाने आपली आघाडी राखली आणि एकूण शर्यत अवघ्या 4 सेकंदांनी जिंकली. आठ टप्प्यांच्या शर्यतीचा निकाल शेवटच्या रेषेपर्यंत लांबला, तोही एका घाटामुळे.

घरी बसून बघायचं तर फ्रान्समधले टप्पे सहसा आपल्याकडच्या रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतात, त्यामुळे शेवटच्या चढासाठी आठला टीव्ही लावला तरी पुरे. जायचं असेल तर वळणाच्या वरच्या अंगाला, खालची दोन-तीन वळणं दिसतील अशी जागा धरा. येणारे लांबूनच दिसतील. जुलै असला तरी पावसाचं जाकीट न्या, आल्प्समध्ये दुपारी आभाळ फिरतं. सायकलपटूच्या बरोबरीने पळू नका, त्याला ढकलू नका, झेंडा अंगाभोवती गुंडाळून ठेवा, फोन खिशात. झाडू-गाडी जाईपर्यंत जागा सोडू नका. आणि घाट मोटारींना खुला होऊन खाली पोहोचायला रात्र होते, तेव्हा दुपारच्याच नव्हे, रात्रीच्या जेवणाचाही डबा बरोबर असू द्या.