कासवाच्या पिल्लाखालची माती

भिलाईतल्या खुर्सीपारात माझी रोपवाटिका आहे. हल्ली काही गिऱ्हाइकं झाडासाठी नाही, कासवासाठी माती मागायला येतात. घरी काचेच्या टाकीत तळहातावर मावेल एवढं पिल्लू असतं आणि त्याच्याखाली काय अंथरायचं हे विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

मी आधी विचारते, कासव कोणतं? पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते आपल्या देशातलं तारा कासव. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवताच येत नाही. ते वनविभागाच्या हवाली करावं, लपवून वाढवू नये. सल्काटासारखं परदेशी कासव पाळता येतं, पण त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी हवी. सल्काटा मोठं झालं की ४०-५० किलोंच्या घरात जातं आणि माणसाएवढं जगतं, हेही मी सांगतेच. माझ्याकडचं पिल्लू सल्काटाच आहे, कागदपत्रांसकट.

सल्काटा आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं. म्हणून लोक त्याला कोरडं ठेवतात, आणि तिथेच पिल्लाचं नुकसान होतं. त्या मुलखात कासव खोल बीळ खणून राहतं आणि बिळातली हवा दमट असते. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ५० सल्काटा पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या दमटपणात वाढवली. २००३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेंगळं आली. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम अगदी थोडा होता. ही टेंगळं एकदा आली की जात नाहीत. भिलाईत मे महिन्यात पारा ४५ कडे सरकतो, हवेतला ओलावा पार आटतो. अशा वेळी पिल्लाचा आधार त्याच्या पायाखालचीच माती.

छत्तीसगढी शेतकरी मातीचे चार प्रकार मानतात: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठ्यात मुरमाचे खडे असतात, पिल्लू ते गिळतं. कन्हार काळी, ओली झाली की पायाला चिकटते आणि सुकली की भेगा पडून दगड होते. मी मटासी घेते. पिवळसर, हलकी, हाताने सहज मोकळी होणारी. आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, आमच्याकडे म्हणतात तशी वावराच्या धुऱ्यावरची माती चालेल, पण तिथे तणनाशक मारलेलं नको. धानाच्या बांधीतली, रस्त्याकडेची किंवा कारखान्याच्या भिंतीजवळची माती मी कुणालाच देत नाही. आमच्या भागात पोलाद कारखान्याचा स्लॅगही सहज मिळतो, वाळूसारखा दिसतो. तो काचेसारखा धारदार आणि अल्कधर्मी असतो, तो टाकीत घालूच नका.

नदीची नुसती वाळू नको. पानाबरोबर पोटात जाऊन ती आतड्यात साचते. सुताराकडच्या भुश्यात बारीक धूळ आणि प्लायवूडचा डिंक असतो, देवदाराच्या भुश्यातलं तेल फुप्फुसांना बाधतं. धानाचं तूस टोचतं आणि ओलं झालं की बुरशी धरतं. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. कुंडीसाठीचं तयार मिश्रणही नको, त्यात खत आणि पांढरे परलाइटचे दाणे असतात.

निम्मी मटासी, निम्मं कोकोपीट, हे माझं प्रमाण. स्वस्त कोकोपीटच्या विटेत मीठ राहिलेलं असतं, म्हणून ती भिजवून दोन-तीनदा पिळून धुवायची. माती चाळून कडक उन्हात वाळवायची. दोन्ही मिसळून थर निदान चार बोटं जाड घालायचा, पिल्लाला त्यात अर्धं तरी पुरून घेता आलं पाहिजे. ओलावा किती? मूठ दाबली की लाडू वळावा, पाणी गळू नये. पाणी वरून शिंपडू नका, कोपऱ्यांतून ओता. तळ ओला आणि वरचा भाग जवळजवळ कोरडा राहिला की पोटाकडचं कवच कुजत नाही. जेवण मातीवर नाही, फरशीच्या सपाट तुकड्यावर द्यायचं. विष्ठा रोज उचलायची, पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून टाकायचा.

हिवाळ्यात जास्त सांभाळा. ओल आणि थंडी एकत्र आली की पिल्लाला न्यूमोनिया होतो, आणि सल्काटा थंडीत झोपून राहणारं कासव नाही. रात्रीसुद्धा माती कोमट हवी, पंचवीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी उजेड न देणारा, उष्णता देणारा दिवा मिळतो.

मातीने सगळं भागत नाही. ऊन, कॅल्शियम आणि गवत-पाला हे हवंच. पिल्लाने खाणं सोडलं, बरेच दिवस शी केली नाही, नाकातून बुडबुडे आले किंवा मागचे पाय ओढू लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे घेऊन जा. आणि पिल्लू अजून घेतलं नसेल तर आधी माती तयार करा, आठवडाभर ओलावा टिकतो का ते बघा, मगच त्याला घरी आणा.