बिल्ड फाइल कोण वाचतं?

मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत होते. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरचं हे नेहमीचं काम. मोजमाप नीट यायचं तर संगणकावर बाकी सगळं थंड हवं. पण दूरच्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करून देणारी एसएसएच ही सेवा विनाकारण प्रोसेसर खात होती. लॉगिनला पूर्वी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७ लागत होते. अर्ध्या सेकंदाच्या फरकाकडे बहुतेकांनी काणाडोळा केला असता. फ्रॉइंड यांनी माग काढला आणि ते एक्सझेड नावाच्या, फायलींचा आकार लहान करणाऱ्या लायब्ररीपाशी पोहोचले. २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवलेला आहे. लिनक्सच्या सर्व्हरमध्ये परक्या माणसाला थेट शिरता यावं, अशी ती सोय होती.

एक्सझेडचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला होता आणि आहे. मग इतक्या जणांच्या डोळ्यांदेखत हे घडलं कसं? चोरदरवाजाचा ऐवज दोन चाचणी-फायलींमध्ये सांकेतिक रूपात दडवला होता. त्यातली एक तर मुद्दाम बिघडवलेला नमुना म्हणूनच ठेवलेली, म्हणजे आत काय आहे हे बघायला कुणी जाणार नाही. तो ऐवज उलगडून प्रोग्राममध्ये बसवायला सुरुवात करणारी ओळ होती बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये. ही ओळ सार्वजनिक कोडसंग्रहात नव्हतीच. वितरणासाठी जो गठ्ठा वेगळा बांधतात, फक्त त्यात ती होती. स्क्रिप्ट आधी खात्री करून घ्यायची की यंत्र ६४ बिटांचं इंटेल पद्धतीचं आहे आणि डेबियन किंवा रेड हॅट या लिनक्स वितरणांच्या पद्धतीचं पॅकेज बनतं आहे. तसं असेल तरच ती कामाला लागायची. खुला कोड म्हणजे सुरक्षित कोड, असं आपण सहज म्हणून जातो. कोडपासून चालत्या प्रोग्रामपर्यंतची वाटही तितकीच खुली लागते, आणि तिच्याकडे आपण फार कमी लक्ष दिलं आहे.

ही वाट थोडक्यात अशी. माणूस लिहितो तो सोर्स कोड. कंपायलर त्याचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो, लिंकर ते तुकडे आणि लायब्रऱ्या एकमेकांना जोडतो, आणि तयार फायली ठरलेल्या जागी ठेवल्या जातात. कंपायलर आणि लिंकर यांच्या कामांना बिल्ड म्हणतात, शेवटच्याला इन्स्टॉल. दोन-चार फायली असतील तर हे हाताने जमतं. फायली वाढल्या की माणूस हमखास चुकतो.

बेल लॅब्जमध्ये १९७६ साली नेमकं हेच झालं. तिथले प्रोग्रामर स्टीव्ह जॉन्सन तणतणत सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. एका बगमागे त्यांची अख्खी सकाळ गेली होती आणि बग तर आधीच दुरुस्त झालेला होता. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली, त्यामुळे प्रोग्राम जुनाच तुकडा वापरत होता. फेल्डमन यांची आदली संध्याकाळही अशाच घोळात गेली होती. त्या शनिवार-रविवारी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचं नाव 'मेक'.

मेकला एक फाइल लिहून द्यायची. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञेने बनते, एवढंच तिच्यात असतं. मेक प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहतं. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल तर तेवढाच भाग पुन्हा बनवतं. चाळीस फायलींपैकी तीनच फायली एखादी व्याख्या वापरत असतील आणि ती व्याख्या बदलली, तर तीनच फायली कंपाइल होतात. कामांचा क्रमही मेकच लावतं. घड्याळाच्या तुलनेवर उभी असलेली इतकी साधी कल्पना आज लिनक्स कर्नलच्या बिल्डपर्यंत पोहोचली आहे. २००३ सालचा, एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार फेल्डमन यांना मेकसाठीच मिळाला.

मेकच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी स्पेस पडल्या तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण मेक 'मिसिंग सेपरेटर' एवढं म्हणून थांबतं. ही अडचण फेल्डमन यांच्या काही आठवड्यांतच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक, त्यातले बहुतेक मित्रच, मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून नियम तसाच राहिला. त्या डझनभर माणसांसाठी राखलेला टॅब आजही दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना छळतो. बिल्डच्या साधनात घेतलेला निर्णय इतकी वर्षं टिकतो, म्हणून तो घेताना फार विचार करावा लागतो.

पुढची अडचण यंत्रांची होती. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे अनेक अवतार निघाले आणि प्रत्येकात काही ना काही वेगळं. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला सुरुवात केली. त्यातून तयार होणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट यंत्राला एकामागून एक प्रश्न विचारते: कंपायलर चालतो का, अमुक लायब्ररी आहे का, पूर्णांक किती बाइटचा? पडद्यावर सुरुवातीलाच एक ओळ दिसते, बिल्डचं वातावरण शहाण्यासारखं आहे का ते तपासतो आहे, अशा अर्थाची. या तपासणीत स्क्रिप्ट एक नवी फाइल तयार करते आणि तिची वेळ जुन्या फाइलच्या नंतरचीच आहे ना, हे पाहते. संगणकाचं घड्याळ मागे पडलं असेल तर मेकचा सगळा हिशेब कोलमडेल, म्हणून ही काळजी. ही सगळी रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण तिच्यातून निघणारी स्क्रिप्ट हजारो ओळींची असते, माणसाने वाचण्यासाठी नसते, आणि कुणी वाचतही नाही. एक्सझेडमध्ये शिरणाऱ्याने जागा अचूक हेरली होती.

वैज्ञानिक संगणनात बिल्डचा प्रश्न आणखी तीव्र होतो, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतला 'अर्का' हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राला अर्पण झाला. अशा यंत्रावर अंदाज काढण्याआधी मॉडेल त्या यंत्रावर बांधावं लागतं. हवामानाची मॉडेलं बहुतांशी फोरट्रानमध्ये लिहिलेली असतात. त्यांना आकडे वाचायला-लिहायला नेटसीडीएफ लागतं, नेटसीडीएफला एचडीएफ५ आणि त्याला आणखी दोन-तीन लायब्रऱ्या. शिवाय नेटसीडीएफची फोरट्रान लायब्ररी एका कंपायलरने आणि मॉडेल दुसऱ्याने कंपाइल केलं तर दोघांचं जुळत नाही. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल पहिल्यांदा बांधलेल्या कुठल्याही संशोधक विद्यार्थ्याला विचारा, तो या जोडाजोडीत गेलेल्या दिवसांबद्दल भरभरून सांगेल.

बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात २००९ साली ईझीबिल्ड या साधनाची सुरुवात झाली ती ही जोडाजोड सोपी करण्यासाठीच. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत टॉड गॅम्बलिन यांनी २०१३ मध्ये याच कामासाठी स्पॅक हे साधन सुरू केलं. त्यांच्या २०१५ च्या शोधनिबंधात प्रयोगशाळेतल्याच एका प्रोग्रामचं उदाहरण आहे. तो बांधायला एकूण ४७ पॅकेजेस लागत. स्पॅकला सांगायचं की हे सॉफ्टवेअर, हे व्हर्जन, हा कंपायलर हवा. अवलंबनांचं अख्खं झाड ते सोडवतं, प्रत्येक जुळणीची नोंद ठेवून तिला एक सांकेतिक ठसा देतं आणि ती स्वतंत्र फोल्डरमध्ये बांधतं. त्यामुळे एकाच यंत्रावर एकाच लायब्ररीची पाच रूपं भांडण न करता राहतात. जमिनीचा व्यवहार कसकसा होत गेला हे सातबारा आणि फेरफार पाहून कळतं, तसं तयार प्रोग्राम कशातून कसा आला हे या नोंदीतून कळतं. सी-डॅकच्या परम मालिकेतल्या काही यंत्रांच्या वापरपुस्तिकांमध्येही स्पॅकची ओळख करून दिलेली असते, आणि ते योग्यच आहे.

या नोंदीची गरज निव्वळ सोयीपुरती नाही. संगणकाला ०.१, ०.२ आणि ०.३ डावीकडून उजवीकडे बेरजेला दिले तर उत्तर ०.६००००००००००००००१ येतं. आधी ०.२ आणि ०.३ मिळवून मग ०.१ मिळवला तर ०.६ येतं. वेगासाठी कंपायलरला मोकळीक दिली की तो असे क्रम बदलतो. शेवटच्या अंकातल्या या फरकाने हवामानाच्या मॉडेलचं काय होतं, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्येच पाहिलं होतं. त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला आणि गणितातलं पुढचं हवामान पार वेगळं निघालं. म्हणजे कंपायलर कोणता, त्याला कोणत्या सूचना दिल्या, लायब्ररी कितवी, हा प्रयोगाच्या नोंदवहीचाच भाग आहे. तो लिहिलेला नसेल तर प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येत नाही.

डेबियनच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून याहून कडक कसोटी लावली. एकाच सोर्समधून दोन ठिकाणी बिल्ड केलं तर तयार फाइल बिट-बिट तंतोतंत सारखी यायला हवी. ऐकायला सोपं वाटतं, पण आड काय काय येतं! कुणी प्रोग्राममध्ये बिल्डची तारीख कोरून ठेवतो, कुणी फोल्डरचा पत्ता. कुठे फायली ज्या क्रमाने डिस्कवरून मिळतात तो क्रम उतरतो. म्हणून चाचणीत दुसऱ्या वेळी संगणकाचं नाव, टाइमझोन, भाषा बदलतात, घड्याळ वर्षभराहून अधिक पुढे करतात आणि दोन फायली ताडून पाहतात. एकेका पॅकेजची खोड शोधून ती मूळ लेखकाकडे दुरुस्त करून घेण्याचं हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि आज डेबियनची ९० टक्क्यांहून अधिक पॅकेजेस या कसोटीला उतरतात. मला हे या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी कौतुक झालेलं काम वाटतं. मुंबईत आणि बर्लिनमध्ये एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना तीच फाइल मिळाली, तर वितरकाच्या सर्व्हरवर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही.

एवढ्याने एक्सझेडचा घात पकडला गेला असता का? नाही. गठ्ठाच दूषित होता, दोघांनाही सारखीच दूषित फाइल मिळाली असती. त्यासाठी गठ्ठा आणि सार्वजनिक कोडसंग्रह ताडून पाहणं, किंवा थेट कोडसंग्रहातूनच बिल्ड करणं हा उपाय आहे. आणि कंपायलरचं काय? युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की कंपायलरमध्येच खोट असेल तर निर्दोष सोर्समधूनही खोटा प्रोग्राम बाहेर पडू शकतो. ग्विक्स या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पाने २०२३ मध्ये त्यावर उत्तर दिलं: त्यांच्या कंपायलरच्या साखळीच्या तळाशी आता फक्त ३५७ बाइटचा एक प्रोग्राम आहे. तो माणसाला बसून वाचता येतो, आणि तिथून पायरी-पायरीने पूर्ण कंपायलर उभा राहतो.

आपल्या विद्यापीठांमध्ये आज शेकडो प्रबंध संगणकाने काढलेल्या आकड्यांवर उभे आहेत. प्रबंधात आलेख असतात, सूत्रं असतात, कधी कधी कोडही असतो. तो कोड कोणत्या कंपायलरने, कोणत्या लायब्रऱ्यांसह, कोणत्या आज्ञांनी बांधला हे सांगणारी फाइल क्वचितच असते. विद्यार्थ्यांनो, स्पॅक वापरा, ईझीबिल्ड वापरा किंवा वीस ओळींची साधी मेकफाइल लिहा, पण ती परिशिष्टात जोडा. आणि मार्गदर्शकांनी, परीक्षकांनी ती मागावी, उघडून वाचावी, आणि एकदा तरी स्वतःच्या संगणकावर चालवून पाहावी.