विशेषनामाचे सामान्यनाम
वर्गात सामान्यनामे लिहावयास सांगितली असता एका विद्यार्थ्याने लिहिले : खुर्ची, मेज, गोदरेज! आमच्या काचीगुड्यात लोखंडी कपाटास तेलुगू शेजारीण 'बीरुवा' म्हणते, उर्दूभाषक पोर्तुगिजांकडून आलेला 'अलमारी' शब्द योजतात. मराठी घरांत मात्र ते 'गोदरेज', मग कारखाना कोणताही असो. वस्तुतः हे आडनाव. वकिली सोडून अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपे घडविण्यास आरंभ केला. पोलादी कपाटे १९२३ पासूनची. आपल्या मालाची खूण म्हणून दिलेले नाव परक्या मालासही चिकटावे, हा मान की तोटा? अमेरिकन सेनापती बर्नसाइड यांचे आडनाव तर धड उरलेही नाही. त्यांच्या गालांवरील केसांस ते मिळाले खरे, पण पुढे लोकांनी त्याचे तुकडे उलटे जोडून 'साइडबर्न' केले. (आपले 'कल्ले' काय वाईट होते?) त्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण दिले.