नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ

वाचकहो, भारताचा नकाशा पुढ्यात घ्या आणि ईशान्येच्या कोपऱ्यात मेघालयाची राजधानी शिलाँग व मणिपूरची राजधानी इंफाळ ही दोन नगरे शोधून काढा. त्यांच्या विमानतळांना जोडणारी सरळ रेषा सुमारे २२० किलोमीटर भरते. पुण्याहून मोटारीने कोल्हापूरला जाताना साधारण एवढेच अंतर पडते. तेव्हा शिलाँगला शिकणाऱ्या मणिपुरी मुलाला सुट्टीत घरी पोहोचण्यास चार-पाच तास पुरावेत, असे आपण सहज म्हणाल.

प्रत्यक्षात रस्त्याने हा प्रवास बारा तासांचा आहे. जयंतिया टेकड्या, बराईलची रांग आणि मणिपूरचे पश्चिमेकडील डोंगर त्या सरळ रेषेला आडवे येतात. रस्त्याला त्यांना वळसे घालीत, नद्या ओलांडीत, घाट चढत-उतरत जावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली, तर या हिशेबाला अर्थच उरत नाही. गुवाहाटीपर्यंत विमानाने जाऊन पुढे बस धरावी, तर सारा प्रवास एका दिवसाहूनही लांबे.

ही अडचण ओळखून १३ जुलै २०२१ रोजी ‘उडान’ योजनेखाली या दोन नगरांमध्ये थेट विमानसेवा सुरू करण्यात आली. इंफाळहून शिलाँगला ६० मिनिटे आणि परतीला ७५ मिनिटे, असा वेळ तेव्हा जाहीर झाला होता.

येथे चौकस वाचक विचारील, की पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. मग २२० किलोमीटरला अर्धा तासही लागू नये! शंका रास्त आहे. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टी गाठणे, उंची घेणे, डोंगरांच्या प्रदेशात आखून दिलेल्या मार्गानेच खाली उतरणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. पूर्ण वेग मिळतो तो मधल्या थोड्या काळापुरताच.

आता घराच्या दारापासून हिशेब मांडू. इंफाळमधील घरातून विमानतळावर जाण्यास अर्धा तास, उड्डाणापूर्वी दोन तास हजेरी, आकाशमार्गाचा एक तास आणि उमरोई विमानतळापासून सुमारे ३० किलोमीटरचा चढ चढून शिलाँग गाठण्यास आणखी एक तास. एकूण झाले साडेचार तास! मूळच्या बारा तासांपैकी साडेसात तास वाचले.

मैदानी मुलुखात एवढ्याच अंतरासाठी हा खटाटोप कोणी करणार नाही. तेथे मोटारही तितक्याच वेळात पोहोचते. विमानाचे मोल त्याच्या वेगाइतकेच खालच्या भूमीच्या दुर्गमतेवर ठरते. म्हणूनच २०१६ साली आखलेल्या या योजनेत आरंभी तासाभराच्या उड्डाणाला सवलतीच्या जागेचे कमाल भाडे २,५०० रुपये ठेवले गेले आणि अशा मार्गांना ठरावीक मुदतीपुरते अर्थसाहाय्य देण्यात आले. मुदत सरल्यावर मार्ग प्रवाशांच्या बळावर चालावा, अशी अपेक्षा असते. यास्तव निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक अवश्य पाहावे. ढगाळ दिवसांत उड्डाण रद्द होऊ शकते, हेही ध्यानी ठेवावे.

ज्या रुग्णाला बारा तास घाटातून नेण्याचे धाडस घरच्यांना होत नाही, त्याला शिलाँगच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचविता येते. त्या कुटुंबाच्या दृष्टीने साडेसात तासांचा अर्थ काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.