उंची उशिरा वाढते तेव्हा

सोळाव्या वर्षी इंग्लिश फुटबॉलपटू जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे या क्लबच्या अकादमीतून नारळ मिळाला. कारण, अंगाने लहान. मग तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबच्या युवा संघात गेला आणि २००७ मध्ये मुख्य संघात पोहोचला. आठवड्याला मानधन ३० पौंड. पोटासाठी कारखान्यात नोकरी.

मुलग्यांची उंची साधारण चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. पण कुणाची वर्षभर आधी, कुणाची वर्ष-दोन वर्षं उशिरा. त्यामुळे एकाच वयोगटात ताकदीचं मोठं अंतर पडतं. थोराड मुलगा गुणी वाटतो, मागाहून वाढणारा वगळला जातो. म्हणून काही अकादमी आता जन्मतारखेऐवजी, अपेक्षित अंतिम उंचीच्या किती टक्के वाढ झाली आहे, यावरून गट पाडून मुलांना खेळवतात.

इंग्लंडमधल्या वरच्या चार विभागांखालचे 'नॉन-लीग' क्लब मागे पडलेल्यांना दुसरी संधी देतात. तिथे कोवळा पोरगा मुरलेल्या गड्यांच्या धक्काबुक्कीत तयार होतो. अशाच क्लबांतून पुढे येत वार्डी २०१२ मध्ये लेस्टर सिटीत गेला आणि २०१६ मध्ये संघासह प्रीमियर लीग जिंकला. मुलांवर शिक्का मारण्याची घाई प्रशिक्षकांनी आणि पालकांनीही करू नये. प्रत्येक शरीर आपल्या वेळेनेच वाढतं.